कडब्याला डहाळ्याची जोड: मेंढरांच्या झाडपाल्याविषयी

फेब्रुवारी उजाडला की आमच्या मेंढीवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तेच प्रश्न सुरू होतात, कडबा संपत आला आता काय घालू, सुबाभळीनं लोकर गळते हे खरं का, शेळीला घालतो तोच पाला मेंढीला चालतो का. आणि उत्तरं पण अशी येतात की एक म्हणतो बिनधास्त घाला काही होत नाही, दुसरा म्हणतो हात पण लावू नका मेंढरं मरतील. तिथं चार ओळीत लिहून भागत नाही, आणि चुकीच्या सल्ल्यानं कुणाची गाभण मेंढी गेलेली मला बघवत नाही, म्हणून इथं सविस्तर लिहिते.

आम्ही राहतो हडपसरला, मेंढरं आहेत गावाकडं, पुरंदरात, जेजुरीच्या अलीकडं. रोजचं सगळं चुलते बघतात, आम्ही सगळे त्यांना आण्णा म्हणतो. मी शनिवार-रविवार असते, हिशोब, औषधं, लसी, खुराकाची खरेदी हे माझ्याकडं. तर जे लिहितेय त्यातलं अर्धं आण्णांचं हातचं ज्ञान आहे आणि अर्धं मी वाचून, डॉक्टरांना विचारून घेतलेलं.

आधी आपल्या भागाचं गणित बघा. पुरंदर, दौंड, बारामती, इंदापूर, शिरूर हा सगळा कमी पावसाचा पट्टा. खरीप निघालं की शेतं मोकळी होतात, मेंढरं धसकटं, गवत, पडलेली कणसं खातात, पुरंदरात वाटाणा निघाला की त्याचे वेल मिळतात, आणि डिसेंबर-जानेवारीपर्यंत बरं चालतं. दिवाळीनंतर ज्यांचा वाडा (फिरता मेंढरांचा कळप आणि बिऱ्हाड) कोकणाकडं उतरतो ते पावसाच्या आधी परत येतात, पण जे आमच्यासारखे जागेवर थांबतात त्यांना फेब्रुवारी ते जून रानात काहीच हिरवं नसतं. मग पाऊस पडल्यावर अजून एक अडचण, सगळीकडं पिकं उभी, मेंढरं न्यायची कुठं. म्हणजे वर्षातले दोन काळ असे आहेत की मेंढरू ज्वारीच्या कडब्यावर आणि बाजरीच्या सरमाडावर काढतंय.

आता कडबा वाईट नाही, पण त्यात प्रोटीन किती, जेमतेम ३ ते ४ टक्के. तीस किलोची मेंढी दिवसाला साधारण एक किलो कोरडा चारा खाते (कोरडा म्हणजे ओलावा सोडून). एक किलो कडब्यातून तिला ३०-४० ग्रॅम प्रोटीन मिळालं. तिला नुसतं तग धरायला सुद्धा ७० ते ८० ग्रॅम लागतं, गाभण किंवा दूध पाजणारी असेल तर त्याहून बरंच जास्त. आणि यात एक गोष्ट अशी आहे की जी कळली की पुढचं सगळं सोपं होतं. मेंढी कडबा स्वतः पचवत नाही, तिच्या पोटातले जंतू पचवतात. त्या जंतूंना जगायला नायट्रोजन लागतो, म्हणजे प्रोटीन. एकूण खाण्यातलं प्रोटीन ७-८ टक्क्यांच्या खाली गेलं की जंतू मंदावतात, कडबा पोटात पडून राहतो, पोट भरल्यासारखं वाटतं, मेंढी खायचं कमी करते, आणि गव्हाणीत कडबा शिल्लक असून पण वाळत जाते. लोक म्हणतात "चारा हाय की समोर, खातच न्हाय". खाणार कशी, आधीचंच पचलं नाही.

इथं झाडपाला कामाला येतो. शेवरीचा एक किलो ओला पाला घ्या, त्यात कोरडा भाग साधारण पाव किलो, आणि त्यात प्रोटीन २०-२२ टक्के धरलं तरी ५०-५५ ग्रॅम झालं. उरलेला पाऊण किलो कडबा, त्यातून २२-३० ग्रॅम. बेरीज ८० च्या आसपास गेली. आणि पाला गेल्यामुळं तोच कडबा आता जास्त पचतो, मेंढी जास्त खाते. म्हणून माझं म्हणणं असं की पाला हे भाकरीसोबतचं कालवण आहे, भाकरी नव्हे. जे लोक कडबा बंद करून नुसत्या पाल्यावर मेंढरं ठेवतात आणि जे पाल्याला घाबरून सरकी पेंडीच्या मागं पळतात, दोघांचंही नुकसान होतंय असं मला मनापासून वाटतं. पेंडीचा रेट दर उन्हाळ्यात कुठं जातो ते सगळ्यांना माहितीये, बांधावरचं झाड मात्र तिथंच उभं असतं.

आता शेळी आणि मेंढीचा फरक. शेळीचं सगळं शिकून आलेले लोक मेंढीला तेच लावतात. आण्णांचं वाक्य आहे, "आगं शेळी झाडाव पाय टाकती, मेंढरू खाली मुंडी घालून चालतंय." शेळी मुळातच पाला खाणारी, कडू-तुरट सोसणारी. मेंढी गवत खाणारी. तिला पाला आवडतो, पण तुरटपणा शेळीइतका झेपत नाही आणि फांदीपर्यंत ती पोचत पण नाही. त्यामुळं पाला तोडून, तिच्या उंचीला आणून, हळूहळू सवय लावून घालावा लागतो.

कुठला पाला, तर आमच्याकडं एक नंबर शेवरी. पानमळेवाले शेवरी, हादगा, शेवगा, पांगारा वेलीच्या आधाराला आणि सावलीला पूर्वीपासून लावत आलेत, आणि त्यांची छाटणी झाली की तो पाला जनावरांना, हे काही नवीन शोध नाहीत. शेवरी लवकर वाढते, मऊ असते, मेंढरं पहिल्या दिवसापासून खातात. हादग्यात प्रोटीन अजून जास्त, पण त्याला वारंवार खालून तोडलेलं सोसत नाही, झाड मरतं, त्यामुळं बाजूच्या फांद्या घ्यायच्या, शेंडा नाही. शेवगा उत्तम, त्यात पीकेएम-१ ही जात दाट पेरून चाऱ्यासाठी कापणारे पण आता बरेच आहेत. तुती पण फार चांगली, आणि रेशीमवाले शेजारी असतील तर उरलेल्या फांद्या मिळतात, फक्त कीटकांच्या रॅकवरून काढलेल्या घेऊ नका, त्यावर चुना आणि निर्जंतुक करायची पावडर मारलेली असते, थेट तुतीच्या रानातल्या घ्या.

वड, उंबर, पिंपळ यांचा पाला चालतो, प्रोटीन मध्यम, पण ऐन उन्हाळ्यात हिरवा मिळतो हे त्याचं मोल. कडुलिंबाचा थोडा थोडा घातला तर मेंढरं खायला शिकतात. सीताफळीला मात्र तोंड लावत नाहीत, आमच्या पुरंदरात सीताफळीचा काय तुटवडा नाही, पण उपयोग शून्य.

सुबाभळीवर जरा थांबते कारण भांडणं इथंच होतात. सुबाभूळ आपल्याकडं गावोगाव पोचवण्यात उरुळीकांचनच्या बाएफचा मोठा वाटा आहे, मणिभाई देसाईंनी १९६७ साली सुरू केलेली संस्था, सत्तरच्या दशकात त्यांनी हे झाड चारा आणि जळण म्हणून लोकांपर्यंत नेलं. पाल्यात प्रोटीन २० ते २५ टक्के, मेंढरं आवडीनं खातात, दुष्काळात पण हिरवी राहते. पण त्यात मिमोसिन नावाचा घटक असतो, कोवळ्या शेंड्यात जास्त. मेंढीच्या अंगात तो जास्त गेला की लोकरीच्या मुळाशी वाढ थांबते आणि लोकर गळते. ही अफवा नाही, ऑस्ट्रेलियात तर शास्त्रज्ञांनी कात्री न लावता लोकर उतरवायला मिमोसिन देऊन बघितलं होतं. पुढं पोटात त्याचं रूपांतर अशा पदार्थात होतं की जो थायरॉइडचं काम बिघडवतो, गळ्याला गाठ येते, मेंढी खात नाही, लाळ गळते, वाळते, कोकरं कमजोर जन्मतात.

मग काही लोकांच्या मेंढरांना काहीच का होत नाही? तर हे पण शोधून काढलेलं आहे. रेमंड जोन्स नावाच्या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की हवाई बेटांवरच्या शेळ्या भरपूर सुबाभूळ खाऊन ठणठणीत आहेत आणि ऑस्ट्रेलियातली जनावरं आजारी पडतायत. हवाईच्या शेळ्यांच्या पोटात एक जंतू होता जो ते विष मोडून टाकायचा. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तो ऑस्ट्रेलियात नेऊन तिथल्या जनावरांच्या पोटात सोडला आणि ती पण सुबाभूळ पचवायला लागली. पुढं त्या जंतूला जोन्स यांच्याच नावावरून सिनर्जिस्टिस जोन्साय असं नाव दिलं गेलं. जिथं सुबाभूळ जुनी आहे तिथल्या जनावरांत तो बऱ्याचदा असतो आणि एका गव्हाणीत खाता खाता एकाकडून दुसऱ्याकडं जातो. म्हणजे दोघं भांडणारे आपापल्या जागी बरोबर असतात, एकाच्या खांडात (कळपात) तो जंतू आहे, दुसऱ्याच्यात नसेल किंवा त्यानं पहिल्याच दिवशी भारा टाकला असेल.

आपल्या मेंढरांच्या पोटात काय आहे हे आपल्याला दिसत नाही, म्हणून मर्यादा पाळायची. एकूण कोरड्या चाऱ्याच्या तीस टक्क्यांच्या वर सुबाभूळ जाऊ द्यायची नाही, म्हणजे मोठ्या मेंढीला दिवसाला किलोभर ओला पाला पुष्कळ झाला, गाभण मेंढीला त्याहून कमी, आणि तोडून थोडा वेळ सावलीत सुकू द्यायचा, त्यानं मिमोसिन थोडं उतरतं. आमच्याकडं सुबाभूळ आणि शेवरी मिसळूनच घालतात, एकाच झाडावर कधी राहायचं नाही हा आण्णांचा नियम आहे आणि तो सगळ्या झाडांना लागू आहे.

गिरिपुष्प पण प्रोटीनला तसंच भारी आहे आणि बांधावर खुंट खोवला की येतं, पण वासामुळं मेंढरं ताजं खात नाहीत. ते सकाळी तोडून संध्याकाळी घाला, कोमेजलं की वास बदलतो आणि मग खातात. पहिले काही दिवस शेवरीत मिसळून.

बाभळीचं वेगळं. बाभळीच्या पाल्यात आणि शेंगांत टॅनिन असतं, तोच तो तुरटपणा ज्यामुळं बाभळीची साल कातडं कमवायला वापरतात. टॅनिन प्रोटीनला चिकटून बसतं. कमी असलं तर हे फायद्याचं, प्रोटीन पोटाच्या पहिल्या कप्प्यात वाया न जाता पुढं आतड्यात पोचतं, आणि पोटातल्या जंतांना (कृमींना) पण टॅनिन मानवत नाही. शिवाय लसूणघासानं जशी पोटफुगी होते तशी टॅनिनवाल्या पाल्यानं सहसा होत नाही. पण जास्त झालं तर प्रोटीन इतकं घट्ट धरलं जातं की ते तसंच लेंडीतून बाहेर पडतं, मेंढी खायचं पण कमी करते आणि पोट कठीण होतं. उन्हाळ्यात बाभळीखाली शेंगा पडल्या की मेंढरं धावत सुटतात, खाऊ दे, पण पोट भरेपर्यंत त्यावरच सोडू नका. आणि बाभळीचा पाला किंवा शेंगा चालू असताना पाणी दोन वेळा तरी पोटभर पाहिजे. मात्र टॅनिन आहे म्हणून जंताचं औषध बंद करायचं असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

काही झाडं सरळ लांब ठेवायची. कण्हेर तर मूठभर पाला पण घातक आहे, हृदयावर जातो, आणि बंगल्यांच्या, हायवेच्या कडेला ती सगळीकडं लावलेली आहे. घाणेरीनं कावीळ होते आणि उन्हात अंग, कान, तोंड सोलल्यासारखं होतं. बेशरमाचं झुडूप नको. एरंड नको. आणि झाड नसलं तरी सांगते, ज्वारीचे कोवळे फुटवे, त्यात पाण्याचा ताण बसलेले, किराळ (त्यातल्या सायनाइडची विषबाधा) लागून तासाभरात मेंढरं जातात. भुकेलं मेंढरू निवड करत नाही, म्हणून सकाळी सोडायच्या आधी थोडा कडबा पोटात असला तर ही जोखीम निम्म्यानं कमी होते असं मला वाटतं.

घालायची पद्धत. जमिनीवर टाकायचं नाही, तुडवतात, मुततात, मग खात नाहीत, शिवाय लेंड्यातले जंत परत पोटात जातात. आमच्याकडं शेवरीच्या पेंढ्या सुतळीनं बांधून आडव्या बांबूला उलट्या टांगतात, मेंढीच्या तोंडाच्या जरा वर. हे बघायला मला फार आवडतं. मेंढी फांदी शेंड्याकडून धरत नाही, मध्येच कुठंतरी पानाचा देठ ओठात पकडते आणि मान बाजूला झटकून ओढते, की बारीक पानांची अख्खी ओळ निघून तोंडात, काडी तशीच. म्हाताऱ्या मेंढ्या हे इतक्या सफाईनं करतात की पेंढीचा सांगाडा होईस्तोवर खाली फार काही सांडत नाही, आणि जे सांडतं ते कोकरं पायात घुसून वेचतात, तिथंच त्यांना पाल्याची पहिली ओळख होते. उरलेल्या काड्या चुलीला.

नवीन पाला सुरू करताना पाव किलोपासून, आणि दहा-पंधरा दिवसात पूर्ण मापावर. एकदम खाणं बदललं की पोटातले जंतू गडबडतात, आणि आंत्रविषाराची लस राहिली असेल तर धोका अजून वाढतो, ती पावसाळ्याच्या तोंडाला देऊन घ्याच. पाल्यात कॅल्शियम भरपूर आणि फॉस्फरस कमी असतो, म्हणून क्षार मिश्रण द्यायचं, पण मेंढ्यांसाठी असलेलंच. गाई-म्हशींच्या मिश्रणात तांबं जास्त असतं, मेंढीच्या यकृतात ते साठत जातं आणि एक दिवस अचानक मेंढी पडते. दुकानदार म्हणतो सगळं एकच आहे, तसं नाहीये, पिशवीवर वाचा.

आणि पाला कमी असेल, सगळ्यांना पुरत नसेल, तर वाटून थोडा थोडा देण्यापेक्षा ज्यांना गरज आहे त्यांना द्या. मेंढीचा गाभण काळ पाच महिन्यांचा, त्यातल्या शेवटच्या सहा आठवड्यात कोकराची जवळपास ७० टक्के वाढ होते, आणि त्याच वेळी वाढलेल्या पिशवीमुळं पोटाला जागा कमी पडते, कडबा जास्त खाताच येत नाही. तिथं पाला पाहिजे, आणि सोबत मक्याचा भरडा पाव किलोपर्यंत, कारण पाल्यात प्रोटीन आहे पण ताकद देणारं पीठूळ नाही. जुळी असतील तर अजूनच. फलटणच्या निंबकर संस्थेनं सुंदरबनच्या गरोळ मेंढीतला जुळी देणारा फेक-बी जीन आपल्या दख्खनीत आणून नारी सुवर्णा ही जात तयार केली, ती आता आपल्याकडं पण बरेच जण ठेवतात, पण जुळं देणारी मेंढी आणून तिला कडब्यावर ठेवलं तर दोन्ही कोकरं अर्धी जन्मतात आणि मग लोक जातीला नावं ठेवतात.

पुण्यातले मित्र विचारतात की पावसाळ्याआधी शहरात इतक्या फांद्या छाटतात, त्या का नेत नाहीस. ओळखीच्या सोसायटीतला वड-उंबर असेल तर मी आणते, पण रस्त्याकडचा पाला धूळ-धुरानं माखलेला असतो, डासांची फवारणी झालेली असते, छाटलेल्या ढिगात कण्हेर मिसळलेली असू शकते, आणि आपण होऊन फांद्या तोडायला तर शहरात परवानगीच लागते. त्या भरवशावर खांड ठेवता येत नाही. (पुणेकरांना मेंढी कुठली आठवायला, पण गोखलेनगरला मेंढी फार्म आहे, शेळी-मेंढी महामंडळाचं मुख्य ऑफिस तिथंच आहे, योजनांची चौकशी करायची असेल तर जरूर जा.)

खरं उत्तर बांधावर झाडं लावणं हेच. जूनचा पहिला चांगला पाऊस झाला की सुबाभळीचं बी उकळून खाली उतरवलेल्या, साधारण ८० अंशाच्या पाण्यात तीन-चार मिनिटं ठेवा, मग रात्रभर गार पाण्यात, नाहीतर टणक सालीमुळं निम्मं उगवत नाही. शेवरीला एवढं लागत नाही, नुसतं भिजवून टोकली तरी येते. सुबाभूळ पहिल्यांदा सहा महिन्यांनी, कमरेच्या उंचीला कापायची, मग पाणी असेल तर दर दीड-दोन महिन्यांनी. शेंगा वाळायच्या आत कापत राहायचं, नाहीतर बी सगळ्या रानात पसरतं आणि शेजारी भांडायला येतो, त्याचं बरोबरच असतं. जास्त झालेला पाला सावलीत वाळवून पोत्यात भरला तर मार्च-एप्रिलला कामाला येतो, उन्हात वाळवला तर हिरवेपणा पण जातो आणि पानं गळून नुसत्या काड्या राहतात.

आणि पहिलं वर्ष त्या ओळीला बाभळीच्या काट्या लावून घ्या, छातीइतकी उंच होईस्तोवर. दुसऱ्याची मेंढरं लांब राहतात, आपलीच पहिली शिरतात.